बसली की लाल

दोष तुमचा आहे, साहेब. हे आधी सांगून टाकते, मग स्वतःकडे येते. अकोल्याच्या त्या मैदानात तुम्ही बॅटरी किती टिकते ते विचारलंत, डबी पाण्यात बुडाली तर काय ते विचारलंत, उंदरांनी वायर कुरतडली तर काय तेसुद्धा विचारलंत. पडद्यावर ती लाल ओळ सरकायला लागली तेव्हा मात्र नुसती मान हलवलीत. हे रांगणारे कोण, कुठून आणले, कोणाच्या अंगावरून यंत्र शत्रूची चाल शिकलं, एवढा एक प्रश्न तुमच्या तोंडून आला नाही. मी तुमच्यापासून दोन हातांवर पोह्यांच्या प्लेटा घेऊन उभी होते. उत्तर माझ्या जिभेवर होतं. तुम्ही विचारलं असतंत तर मी बोलले असते. हे वाक्य दुपारपासून इतक्यांदा घोळवलं की त्याचा भुगा झाला आहे, आणि भुगा चाळला की खाली एकच खडा उरतो. तुम्ही विचारलं नाही, खरं आहे. पण मी तरी कुठं सांगितलं?

दुपारी मी गिरणीत होते. अमरावतीत शेगाव नाक्याच्या आतल्या गल्लीत उत्तमरावांची पिठाची गिरणी आहे, तिथं ज्वारीचा डबा रांगेत ठेवून माझा नंबर यायची वाट बघत उभी होते. गिरणी सुरू असली की बाया कानावर पदर घेतात. मला कानाचं काही वाटत नाही, मला ती तळपायांतून ऐकू येते. या नोकरीनं माझं एवढं केलं आहे. जमिनीत पुरलेल्या डब्यांतून येणारी थरथर पडद्यावर वाचता वाचता माझे पायच डब्या झाले. मागून ट्रक गेला तर भरलेला की रिकामा हे मी मान न वळवता सांगते. आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलेली बाई लंगडते हे तिला बघण्याआधी मला कळलं होतं. तर गिरणीची ती जाड, गोल थरथर टाचांतून पोटऱ्यांत चढत होती, गरम पिठाचा वास नाकात बसला होता, आणि हातातला मोबाईल थरथरला. ही थरथर वेगळी, पातळ, किड्यासारखी. कंपनीच्या ग्रुपवर अश्विननं व्हिडिओ टाकला होता. अश्विन म्हणजे आमचा मालक, अकोल्याचा, माझ्याहून थोडाच मोठा. कंपनी म्हणजे इथल्या अमरावतीच्या एमआयडीसीतल्या दोन खोल्या आणि आठ-दहा माणसं. आम्ही फौजेसाठी जमिनीत पुरायच्या डब्या करतो. वरून कोण गेलं ते डबी पावलांवरून ओळखते आणि दूर कुठंतरी कमांड पोस्टमध्ये बसलेल्या साहेबाच्या पडद्यावर ठिपका उमटतो. माणूस असला तर हिरवा, जनावर पिवळं, गाडी निळी, आणि जमिनीलगत रांगत येणारा घुसखोर लाल. व्हिडिओच्या खाली अश्विननं लिहिलं होतं, आपलं यंत्र बॉर्डरवर लागलं, पहिलीच पकड, कोणी कुठं पाठवू नका.

कोणीतरी तिथल्या पडद्याचंच मोबाईलनं चित्र घेतलं होतं, हात हलत होता. काळ्या पडद्यावर तारेची पांढरी रेघ आणि रेघेच्या पलीकडे सात लाल ठिपके. एका ओळीत, सारख्या अंतरावर, हळूहळू रेघेकडे येणारे. बघता बघता कडेचा एक मागं पडला. त्याच्या शेजारचा थांबला, आडवा सरकला, मागं फिरला, मागच्याच्या पुढ्यात काही वेळ राहिला, आणि मग दोघं मिळून पुन्हा ओळीला लागले. "देखो, पीछेवाले को कवर दे रहा है," पडद्याबाहेरून एक आवाज म्हणाला. "ट्रेंड लोग हैं." तेवढ्यात मधला एक ठिपका हिरवा झाला. क्षणभर हिरवा, की पुन्हा लाल. "ये क्या हुआ?" "कुछ नहीं, ग्लिच है." आणि मग तिसरा, जड आवाज, "ऊपर बता दो." तिथं व्हिडिओ संपला. खाली अंगठे, झेंडे, फटाके, कोणीतरी पेढ्यांचा फोटो. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. पायाखाली गिरणी चालूच होती पण मला ती लागेनाशी झाली, जसं फार वेळ एका पायावर बसल्यावर पाय आपला राहत नाही. ते ठिपके कसे चालतात ते मला पाठ होतं. आधी घासटा, मग दाब, मग थांबणं, त्या थांबण्यात दोन-तीन बारीक ठोके, आणि पुन्हा घासटा. ती कोणा घुसखोराची चाल नव्हती. ती माझ्या आईची चाल होती.

"अवो ताई, जवारी दळाले आनली का मोबाईल? नंबर गेला ना तुमचा!" उत्तमराव ओरडले. बाया हसल्या. मी डबा पुढं सरकवला आणि हसले. काय हसले, कशी हसले, कोण जाणे. ज्वारीची धार पडत होती आणि मी ती बघत उभी राहिले. मला वाटत होतं, एकही दाणा इकडे तिकडे जाणार नाही, सगळे एका तोंडात जातील आणि खालून सगळे सारखे होऊन निघतील.

गेल्या श्रावणातली गोष्ट आहे. चालणारी माणसं झाली होती, बैल झाले होते, कुत्री, बैलबंडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल, सगळ्यांच्या पावलांची थरथर यंत्राला शिकवायला आमच्याकडे भरून झाली होती. रांगणारा माणूस तेवढा राहिला होता आणि कागदावर तो सगळ्यात वर होता, कारण फौजेला त्याचीच भीती. डब्या आमच्या गावच्या वावरात पुरल्या होत्या, दर्यापूरच्या अलीकडे. धुऱ्याला, वावराच्या बांधाला, लागून अश्विननं जागा मागितली आणि मी आईकडून मिळवून दिली. तो अकोल्याहून गाडीभर पोरं घेऊन आला, भरतीची तयारी करणारी, केस बारीक कापलेली. त्यांनी रोज मैदानात कोपरांवर रांगायचा सराव केलेला. पण मैदान मुरमाचं. आमच्या काळ्या मातीला पाणी लागलं की ती माती राहत नाही, ती माणसाला धरते. पोरं दहा हात रांगली आणि प्रत्येकाच्या कोपराला, टोंगळ्याला मातीचं मडकं चढलं. "सर, हे वावर हाये का डिंक?" एक पोट्टा उताणा पडून म्हणाला, तो पुन्हा पालथा झालाच नाही. पडद्यावर नुसती खळबळ, कोणती चाल कोणती धडपड काही कळेना. पोरं जेवून निघून गेली. अश्विन धुऱ्यावर डोक्याला हात लावून बसला. आणि दोन वावरं पलीकडे बाया निंदत होत्या, पिकातलं तण काढत होत्या.

हे कोणी मला सांगितलं नव्हतं, साहेब. हे माझं डोकं. त्या वयापासून मी ती ओळ बघत आले, ज्या वयात धुऱ्यावरच्या झोळीत पडून आईची पाठ दूर जाताना बघायची असते. निंदणाऱ्या बाईचं बसणं तुम्ही बघितलं नसेल. ती उकिडवी बसते. उजव्या हातात इळा, डाव्या हातानं गवत धरते, कापते, मागं टाकते. मग डाव्या टाचेवर भार घेऊन उजवा पाय पुढं घासते आणि त्याच्यामागं सगळं अंग ओढून नेते. उठत नाही. दिवसभर उठत नाही. उठली तर पाठ सरळ करायला, तीही क्षणभर, कारण वावरवाला बघतो. प्रत्येकीला एक पात वाटून दिलेली असते, पिकाच्या दोन ओळींमधली पट्टी, आणि सगळ्यांनी ओळ धरून सरकायचं. मी त्या ओळीकडे बोट केलं आणि म्हणाले, "सर, ह्या चालतील का?" अश्विननं डोळे बारीक करून पाहिलं. "जमिनीलगत," तो म्हणाला. "हळू. ओळ धरून." मग माझ्याकडे वळला. "गीता, डोकं हाय वं तुले." मला तेव्हा काय झालं ते सांगू? आनंद झाला. गालांपर्यंत आला. डिप्लोमा झाल्यापासून मला कोणी असं म्हणालं नव्हतं.

आईला म्हटलं, तुमच्या टोळीतल्या बाया आपल्या धुऱ्यालगत लावायच्या, निंदण आपलं फुकटात होईल आणि त्यांचा रोज कंपनी देईल. ती म्हणाली, "कंपनीले गवताशी काय करनं हाये?" मी डबी दाखवली. मूठभर, खाली खिळा. मनकर्णा मावशी, जी बायांची टोळी बांधते आणि जिच्या तोंडाला गावातले पुरुष भितात, तिनं डबी कानाला लावली. "काईच आयकू येत नाई. मेली वाट्टे." मी म्हटलं, "मावशी, ते आयकते, सांगत नाई." "मंग आमच्या म्हाताऱ्यासारखं झालं," ती म्हणाली, आणि ओळ हसत सुटली. आईनं विचारलं, "खरंच कायचं हाये वं हे?" आणि मी, पुन्हा कोणी न सांगता, म्हणाले, "रानडुकराचं. डुक्कर वावरात घुसलं का आपल्याले घरी बसून मालूम होईन." बायांना ते पटलं. डुकरांनी त्या साली सगळ्यांची पऱ्हाटी उपसली होती. जमुनाकाकू तेवढी म्हणाली, "मंग आमाले कावून बसवून राह्यली? आमी डुकरं होय काय?" मी म्हटलं, "नाई काकू, तुमी बाया हा हे त्याले शिकवा लागते, म्हंजे तुमाले डुक्कर म्हननार नाई." किती सहज बोलले. तिनं मान हलवली. "बरं हाये बाई. शिकव त्याले."

जमुनाकाकू ओळीत नेहमी मागं राहायची. तिला दम लागायचा. आणि आमच्याकडची रीत अशी, की एखादी मागं राहिली तर शेजारीण आपली पात सोडून मागं येते, तिच्या पट्टीतलं पुढ्यातलं गवत काढत तिच्याकडे जाते, दोघी मधे भेटतात आणि मग दोघी सरळ ओळीला येतात. कोणी कोणाला बोलवत नाही. वावरवाल्यानं पाहिलं तर ओळ सरळ दिसली पाहिजे, एवढंच. जमुनाकाकूच्या शेजारी माझी आई बसायची. अश्विन पडद्यावर बघत होता. आई मागं वळली तेव्हा तो ओरडला, "हे पाय, हे पाय! एक परत गेला! हे ठेव, हे भारी हाये!" आणि मी ठेवलं.

मग अमरावतीच्या त्या खोलीत पंख्याखाली बसून मी त्यांना कापलं. हे माझं काम. थरथरीची लांबच लांब पट्टी पडद्यावर असते, तिचे तुकडे करायचे आणि प्रत्येकावर नाव चिकटवायचं. जिथं आई पाठ सरळ करायला उभी राहिली, दोन पावलं चालली, पाणी प्यायली, तो तुकडा कापून मी त्यावर लिहिलं, माणूस. हिरवा. जिथं ती पुन्हा बसली, तिथून पुढं लिहिलं, रांगता घुसखोर. लाल. उभी राहिली, माणूस. बसली, घुसखोर. दिवसभरात माझी आई फार थोडा वेळ माणूस होती. हे तेव्हाही मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी पुढचा तुकडा घेत होते, कारण खिडकीबाहेर अश्विन कोणाशी तरी फोनवर बोलत होता आणि म्हणत होता, झालं सर, क्रॉलिंगचं झालं, एकदम खरंखुरं. यंत्र हुशार असतं साहेब, पण पोरासारखं असतं, जे दाखवाल तेच शिकतं. शत्रू कसा चालतो हे ते तिच्या टाचेपासून शिकलं. जमुनाकाकूच्या दमापासून शिकलं. मनकर्णा मावशी मधेच थांबून शिव्या देत तंबाखू मळायची, ते थांबणंही त्यानं शिकून घेतलं, दबा धरून बसणं म्हणून.

अश्विन वाईट माणूस नाही. दुपारपासून मी एक वाईट माणूस शोधते आहे, मिळाला असता तर मोकळी झाले असते. मिळत नाही. तुम्हीही वाईट नव्हतात. अकोल्याला त्या दिवशी थंडी होती, मैदानाच्या कडेला पत्र्याखाली टेबलं मांडली होती, तुम्ही साध्या कपड्यांत आला होतात आणि स्वेटरची कोपरं विरलेली होती. मला ते आवडलं. यंत्रानं सगळं बरोबर ओळखलं. आम्ही बैल सोडला, पिवळा. अश्विन चालला, हिरवा. मग तुमच्या जवानांना रांगायला लावलं. कोरडी जमीन, भेगा पडलेली. मी देवाचं नाव घेत होते की लाल होऊ नये. खरं सांगते. तेव्हा चुकलं असतं तर तिथंच सगळं थांबलं असतं. पण झालं लाल. जमिनीला माणूस घासला की घासला, ते थोडंफार सारखंच. टाळ्या झाल्या. मग तुम्ही पोह्यांची प्लेट माझ्या हातातून घेतलीत आणि अश्विनला म्हणालात, "तिकडं तारेच्या पलीकडंही आपलीच शेतं आहेत. आपलीच माणसं गेटातून जातात, कामं करतात, संध्याकाळी परत येतात. तिथं जरा ट्रिकी होतं." तुम्ही म्हणालात, साहेब. तुम्हीच दार उघडलंत. शेतं. कामं. माझ्या हातात दुसरी प्लेट होती, ती गरम होती, बोटांना भाजत होती. मला म्हणायचं होतं, साहेब, तिथं बाया निंदतात का? एवढंच. पाच शब्द. अश्विन चटकन म्हणाला, "सर, चालणारा माणूस हिरवाच दाखवते, काही प्रश्न नाही." आणि खोटं काही नव्हतं त्यात. चालणारा. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, म्हणालात, "शाबास बेटी, सगळं काम तूच केलंस म्हणे," आणि खिशातून कार्ड काढून दिलंत, काही लागलं तर फोन कर. मी लिंबाची फोड वाढली. तुमच्या प्लेटीत मी लिंबाची फोड वाढली.

पीठ घेतलं. डबा गरम होता, मी तो पोटाशी धरून गल्लीच्या तोंडाशी आले आणि अश्विनला फोन केला. तो खुशीत होता. मी म्हटलं, सर, त्या बाया आहेत. "कोनत्या बाया?" म्हटलं, सात ठिपके, त्या निंदताहेत. तो हसला. "गीता, तुले आता जिकडं तिकडं निंदनच दिसते काय?" म्हटलं, एक मागं राहिली, दुसरी तिच्यासाठी फिरली, एक मधे उभी राहून पाठ सरळ करत होती, तो ग्लिच नव्हता, पुन्हा बघा. पलीकडे पेढ्यांच्या कागदाचा आवाज येत होता. मग म्हणाला, "अगं गेटवाल्यायले मालूम असते ना कोन गेलं ते. ते पाहून घेतीन." म्हटलं, घेतील? "घेतलं असन." म्हटलं, पुढं काय झालं त्यांचं? "ते आपल्याले सांगत नाईत. आपन फक्त डबी बनवतो." म्हटलं, सर, आपण त्यांना सांगितलं का की हे कोणावरून शिकवलं? मग वेगळ्या, लहान आवाजात, "गीता, आता यंत्र गेलं. पुढची ऑर्डर लागली. अशे अजून लय लागनार हायेत. तू घरी जा, जेव, झोप घे थोडी." आणि त्या लहान आवाजावरून मला कळलं की त्यानंही ओळखलं होतं. व्हिडिओ टाकायच्या आधीच ओळखलं असेल. धुऱ्यावर तोच तर ओरडला होता, हे ठेव, हे भारी आहे.

घरी आई खुर्चीवर बसून भाजी निवडत होती. ती आता माझ्याकडेच असते. तिचे टोंगळे गेले, गुडघ्यांची झीज झाली. अकोल्याच्या डॉक्टरनं खाली बसायला कायमची मनाई केली. जमिनीवर बसणाऱ्या बाईला खुर्चीत बघणं मला अजून जमत नाही, ती तिथं पाहुणीसारखी दिसते, पाय अधांतरी. आणि डबा ओट्यावर ठेवताना माझ्या मनात जे आलं ते असं, की हिची चाल हिच्यात उरली नाही, पण ती संपलेली नाही. ती तिकडं तारेजवळ आहे, पुरलेल्या प्रत्येक डबीत, पाऊस असो ऊन असो, उकिडवी. कोणीही अनोळखी बाई तशी बसली की ती जागी होते आणि म्हणते, हा शत्रू. माझी आई मी पहारेकरी करून उभी केली आहे, तिच्यासारख्याच बायांना धरून द्यायला. उभीही नाही. बसवली आहे.

तिनं माझा चेहरा पाहिला. "काय झालं वं? गिरनीवाल्याशी भांडली काय?" मी नाही म्हटलं. मोबाईल तिच्यापुढं धरला, का धरला ते मला माहीत नाही, कदाचित तिनं ओळखावं, माझ्या वतीनं ओळखावं, म्हणून. तिनं चष्मा सारखा केला, पडदा दूर धरला, जवळ धरला. "मुंगळे होय काय?" म्हटलं, आपल्या डब्यांचं आहे, गेल्या साली तुम्ही निंदत होत्या ना, त्या. "ते डुकराचं?" ती खुलली. "आलं काय कामात? मनकर्णा रोज इचारते फोनवर, म्हंते तुह्या पोरीच्या डबीनं डुक्कर धरलं का नाई अजून." मग लाल ठिपक्यांवर बोट ठेवून तिनं ते मोजल्यासारखे केले. "लय हायेत. कळपच हाये. मंग मारले काय त्यायले?"

तिच्या नखात मेथीची माती होती. ते नख त्या मागं राहिलेल्या ठिपक्यावर होतं.

मी आतल्या खोलीत आले. तुमचं कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात इतके महिने पडून मऊ झालं आहे. फोन लावला. एवढा वेळ जे मी तुम्हाला बोलते आहे ते सगळं रिंगच्या त्या वाजण्यातच मनात बोलून झालं. तुम्ही उचललात. "हॅलो, कोण?" मी म्हटलं, "मी गीतांजली, साहेब. अमरावतीहून. अकोल्याला पोहे वाढत होते ती." "अरे हां, बोल बेटी! अभिनंदन तुमचं, ऐकलं मी." तुमच्या मागं टीव्ही चालू होता, कोणाचं तरी लहान पोर रडत होतं. घर होतं ते. मी म्हटलं, साहेब, ज्यांच्यावरून आम्ही यंत्राला रांगणं शिकवलं ते कोणी जवान नव्हते, भरतीची पोरंही नव्हती. त्या निंदणाऱ्या बाया होत्या. आमच्या वावरातल्या. माझी आई त्यात होती. बाई निंदायला बसली की तुमच्या पडद्यावर लाल होते, उठली की हिरवी. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही, आता सांगते. टीव्हीचा आवाज बंद झाला. तुम्ही उठून दुसऱ्या खोलीत गेलात, पावलं ऐकली मी, डावा पाय थोडा जड पडतो तुमचा. दार लागलं. "बेटी," तुम्ही म्हणालात, "अशा गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात." मी म्हटलं, मग कुठं बोलायच्या? "मी बघतो. वर कळवतो. तू आता ठेव."

आणि माझ्या मागं, दारात, आई उभी होती. भिंतीला धरून, एक पाय पुढं, एक मागं, खुर्चीपासून एवढं चालत आलेली. तिचं येणं मला पायांतून कळलं नाही. पहिल्यांदाच कळलं नाही. तिच्या हातात मेथीची जुडी तशीच होती. "कोन्या बाया वं?" ती म्हणाली. मी मोबाईल कानाशी तसाच धरून वळले. "तू त्यायले काय म्हनली, आपल्यावरून काय शिकवलं?" भिंतीवरचा हात तिनं चौकटीवर घेतला. "गीता, आमच्या पायातलं काय नेलं तुनं त्या डबीत?"

तिला उत्तर मी देणार आहे, साहेब. आज, आत्ता, हा फोन झाला की तिच्यापुढं जमिनीवर बसून देणार आहे, मग मनकर्णा मावशीला, मग जमुनाकाकूला. त्या मला काय म्हणायचं ते म्हणतील. पण माझं उत्तर अर्धंच आहे. उरलेलं तुमच्याकडे आहे, तुमच्या त्या वरच्या माणसांकडे, ज्यांना त्या जड आवाजानं कळवलं. यंत्र थांबवणार का ते सांगा. आणि त्याच्याही आधी हे सांगा. एक बाई मागं राहिली होती. दुसरी आपली पात सोडून तिच्यासाठी फिरली होती. त्या सातजणी त्या दिवशी उठल्या का? गेटातून घरी आल्या का? बघतो, वर कळवतो, हे मला नको. आई दारात उभी आहे, तिला फार वेळ उभं राहता येत नाही. मी फोन ठेवत नाही, साहेब. बोला.